वर्षाच्या आत नवा पार्ट

माझे पती सकाळी ऑफिसला जायला खाली उतरले. ते गाडीत बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. थोड्या वेळाने वॉचमन वर आला आणि म्हणाला, साहेब गाडीत बसलेत, बोलत नाहीत. मी खाली गेले. सासूबाई माझ्यामागून आल्या. शेजारच्या इमारतीतून डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. इंजिन चालू होतं. वॉचमनने ते बंद केलं.

त्यानंतरच्या वर्षात आमच्या घरात ह्यांच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. बोलणं झालं ते गाडीबद्दल. आता मागे वळून पाहते तेव्हा त्या वर्षातलं मला आठवतं ते सगळं गॅरेज, पार्ट आणि फोन एवढंच आहे, आणि याचा मला अजून राग येतो. शोक करायला म्हणून जे वर्ष मिळतं ते मी एका गिअरबॉक्सवर घालवलं.

गाडी परदेशी कंपनीची होती. जुळणी इथेच व्हायची, पण आतलं बरंचसं बाहेरून यायचं. दोन हजार सालानंतर अशा कंपन्यांची शोरूम महामार्गाच्या कडेने एकामागून एक उघडत होती, त्यातल्याच एका शोरूममधून आम्ही ती घेतली. ह्यांचं ऑफिस बंदराजवळ होतं. जहाजातून उतरणारा लोकांचा माल कस्टममधून सोडवून देण्याचं काम. उरणचा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांनी भरलेला असायचा, आणि तासभर क्लच दाबून दाबून ह्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. ही गाडी आपोआप गिअर बदलायची. देशी गाड्यांमध्ये त्या वेळी हे मिळत नव्हतं. म्हणजे हौस म्हणून नव्हे, गुडघ्यासाठी घेतलेली गाडी होती ती. तरीही नातेवाइकांत ती ‘साहेबी हौस’ म्हणूनच ओळखली गेली.

माझे दीर विचुंब्याला राहतात. बांधकामांना रेती-विटा पुरवण्याचा त्यांचा धंदा. त्यांच्याकडे देशी जीप होती, नेहमी थोडी वाळू सांडलेली. रविवारी ते जेवायला यायचे आणि जेवणं संपायच्या आत दोघा भावांचा वाद सुरू व्हायचा.

“तुझी जीप महिन्यातून दोनदा गॅरेजला जाते,” हे म्हणायचे.

“जाते ना. पण संध्याकाळी घरी येते. तुझी जाईल तेव्हा बघू, दादा.”

“पार्टचं म्हणतोस? रोज माझ्या टेबलावरून जातात पार्ट.”

“टेबलावरून जातात. गाडीत बसतात का?”

दोघांचंही खरं होतं. जीपचं कधी स्टार्टर, कधी क्लचप्लेट, कधी स्प्रिंगचा पाटा असं काहीतरी निघायचंच, आणि तिचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळायचा. ह्यांची गाडी वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला जायची, पण त्या एका वेळचं बिल हे दोनदा वाचून खिशात घालायचे. पाच-दहा वर्षांचा खर्च मांडला असता तर दोन्हीकडे सारखाच निघाला असता असं मला वाटायचं. तो कुणी मांडला नाही. मांडला असता तर रविवारी बोलणार काय?

मग कंपनीने इथला कारभार आवरता घेतला. शोरूमची पाटी उतरली आणि त्याच काचांमागे कुणीतरी टाइल्स विकायला लागलं. त्या रविवारी दिरांनी तो विषय काढला नाही. ह्यांनीच काढला. म्हणाले, कंपनी गेली, गाडी तर आहे ना.

तेराव्याला नेऱ्याहून, आमच्या गावाहून, ह्यांचे काका आले होते. जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत बसून ते दिरांना म्हणाले, गाडी काढून टाका. एक तर तिच्यात माणूस गेला. आणि मग म्हणाले, “परदेशी वस्तू ती. त्याला आमी तवाच सांगितलं व्हतं. फसला पोरगा.”

काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ‘फसला’ हा शब्द मला टोचला. हे साधी छत्री घेतानासुद्धा चार वेळा उघडून-मिटून बघणारे. आणि तेराव्या दिवशी त्यांच्या आयुष्याबद्दल काय बोललं जावं, तर फसला. मी उठून आत गेले. तोंडावर बोलायचा माझा स्वभाव नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी वर्षं काम करून हळू बोलायचीच सवय लागली आहे. पण मनाशी ठरवलं की गाडी विकायची नाही. वर्षश्राद्ध नेऱ्यालाच व्हायचं होतं. त्या दिवशी सासूबाईंना ह्यांच्या गाडीत बसवून, गाडी स्वतः चालवत, मी काकांच्या अंगणात नेणार होते. दुसरी कुठली गाडी मला चालवताही येत नव्हती. ह्यांनी मला याच गाडीवर शिकवलं होतं आणि क्लच कसा दाबतात ते मला ठाऊकच नव्हतं.

सासूबाईंनीही गाडी विकायला नकार दिला, पण त्यांचं कारण वेगळं होतं. पनवेलला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, बोलणं अजून नेऱ्याचं आहे. काकांना त्या म्हणाल्या, “गाडीनं काय केलं? ती तर चालूच व्हती.” आणि मग सगळ्यांनाच सांगितलं, वरस होईपर्यंत या घरातून काही जाणार नाय, आणि नवीन काही येणार नाय.

वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणायची नाही हे आमच्याकडे सगळेच पाळतात. मला त्यात काही अडचण दिसली नाही. मला कुठे काय आणायचं होतं?

पहिले काही महिने गाडी नीट चालली. मी तिने कॉलेजला जायचे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे. मग एकदा कोन गावाजवळ ती एकाच गिअरमध्ये अडकली. बैलगाडीच्या वेगाने कशीबशी कडेला घेतली आणि दिरांना फोन केला. ते जीप घेऊन आले. त्यांनी दोराने गाडी जीपला बांधली, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि ओढत नेलं. जुन्या महामार्गावरून, चहाच्या टपऱ्यांसमोरून, सगळ्यांच्या देखत. वाटेत एका सिग्नलला ते मागे वळून बघत होते, दोर ताठ आहे का ते. एरवी या एका दृश्यावर त्यांनी भावाला वर्षभर पिडलं असतं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक टोमणा निघाला नाही. निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

कळंबोलीच्या गॅरेजमध्ये ट्रकची कामं जास्त होती, पण परदेशी गाड्यांना हात लावणारा जवळपास तोच एक. तो आधी म्हणाला ऑइल खराब झालंय. ऑइल बदललं, गाडी चार दिवस चालली. मग म्हणाला वायरिंग. मग सेन्सर. प्रत्येक वेळी तो तितक्याच खात्रीने सांगायचा आणि प्रत्येक वेळी मी ऐकायचे, कारण मला दुसरं काही माहीत नव्हतं. मी पुस्तकं चाळली, गाडीचं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं. त्यात प्रत्येक बिघाडाच्या शेवटी एकच वाक्य होतं, अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. तिथे आता टाइल्स मिळत होत्या.

शेवटी तो म्हणाला, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट गेलाय. कधी कुठला गिअर टाकायचा हे ठरवणारा, पुस्तकाएवढा एक डबा. तो इथे दुरुस्त होत नाही, बदलायचाच असतो. नवा परदेशातून मागवायचा. त्या किमतीत देशी गाडीचा अख्खा गिअरबॉक्स आला असता, मजुरीसकट. मागवायची माझी तयारी होती. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं.

“नवीन?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आई, ती काही वस्तू नाही, पार्ट आहे. गाडीच्या आत बसतो, कुणाला दिसतसुद्धा नाही.

“सुतकात गोड खातो का आपण? ते पन पोटातच जातं. दिसत नाय.”

जुना चालेल, असं त्यांनीच सुचवलं. जुनी वस्तू म्हणजे कुणीतरी वापरलेली, तिला नवी म्हणत नाहीत. एकच अट घातली, अपघातातल्या गाडीचा नको. कुणाचा जीव गेलेल्या गाडीचा पार्ट माझ्या लेकाच्या गाडीत नको. हे बोलताना आपण काय बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण मग त्या बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या.

मी गॅरेजवाल्याला अट सांगितली. तो हसला नाही, पण कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, मॅडम, कुर्ल्याच्या भंगारात गाडी म्हातारी होऊन येते का? ठोकूनच येते. तरी त्याने शोधलं. महिनाभर मी रिक्षाने फिरले. मग त्याचा फोन आला, मिळाला, अपघाताचा नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा आहे. गाडी रिकामीच उभी होती, माणूसबिणूस कुणी नव्हतं आत.

मी ग्रंथपाल आहे. पाण्यात भिजलेल्या पुस्तकाचं काय होतं ते मला चांगलं कळतं. विजेवर चालणाऱ्या डब्याचं काय होईल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की अपघाताचा नाही. दिरांनाही तसंच वाटलं. सासूबाई तर समाधानाने म्हणाल्या, पाण्यानं काय बाट लागत नाय. आम्ही तिघांनी मिळून, विचार करून, बुडालेल्या गाडीतला पार्ट पसंत केला.

तो काही आठवडे चालला. मग गाडी पुन्हा अडकली. डबा उघडल्यावर आत हिरवा गंज दिसला. गॅरेजवाला म्हणाला आणखी एक शोधतो. तोही बुडालेल्याच गाडीचा निघाला, आणि आम्ही तोही घेतला, कारण पहिला कदाचित नशिबाने खराब निघाला असेल. दुसरा पहिल्याइतकाही टिकला नाही. आता दोन जुन्या डब्यांचे आणि दोनदा गिअरबॉक्स उघडल्याचे मिळून जे गेलं होतं त्यात नवा येऊन वर उरलं असतं. आणि गाडी होती तिथेच, गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून, ट्रकच्या टायरांमध्ये. वर्ष संपायला फार दिवस राहिले नव्हते.

मी गुरुजींना फोन केला. असं काही विचारायला मी आयुष्यात कुणाला फोन केला नव्हता. ते म्हणाले, अहो, दुरुस्तीला कसला आलाय निषेध? छप्पर गळलं तर कौल घालणार नाही का? खुशाल घ्या. मी ते सासूबाईंना सांगितलं.

“त्यानं स्वताच्या बापाच्या वर्सात मोबाइल घेतला,” त्या म्हणाल्या. “त्याला काय विचारतेस?”

तेव्हा मी चिडले. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती आणि त्यांच्यासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. मी म्हटलं, आई, तुमच्या लेकाला लोक फसला म्हणतात ते तुम्हाला चालतं का? गुरुजी हो म्हणतात, गॅरेजवाला हो म्हणतो, मग अडलंय कुठे? तुम्ही कसली भीती धरली आहे?

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “नवीन काय आनलं की वोवाळावं लागतं. हळद-कुकू लावावं लागतं. या घरात आता कोन लावनार? मी लावू का तू लावशील?”

आमच्याकडे मिक्सर आला तरी त्याला हळदकुंकू लागायचं. सासरे होते तोवर ते सासूबाईंच्या हातून लागलं. सासरे गेल्यावर, कुणी न सांगता, तबक माझ्याकडे आलं. ह्या गाडीला शोरूमच्या दारात मीच ओवाळलं होतं. आता तबक धरायचं कुणी, हा प्रश्न वर्ष संपल्यावरही संपणार नव्हता. आणि एका वर्षापुरता तरी तो घरात येऊ नये म्हणून ही बाई गाडीच्या पार्टावरून अडून बसली होती.

माझ्या ग्रंथालयात या विषयावर कपाटभर पुस्तकं आहेत. मी ती वाचली आहेत, मुलींना वाचायला दिली आहेत. मी लावीन, असं म्हणायला काय हरकत होती? पण मी म्हटलं नाही. हात पुढे झाला नसता हे मला त्या वेळी कळलं, आणि कुणावर चिडायचं ते कळेनासं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसले.

दोन-तीन दिवसांनी चहा घेताना त्या म्हणाल्या, “मागव तो. धाकटीला बोलावू.” धाकटी म्हणजे माझी जाऊ.

ह्यांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने सगळी व्यवस्था केली. पार्ट परदेशातून निघाला, वेळेत बंदरावर उतरला आणि तिथेच अडकला. त्याच्यात काही दोष नव्हता. एकाच कंटेनरमध्ये बऱ्याच लोकांचा किरकोळ माल येतो. त्यातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी खोक्याचे कागद जुळत नव्हते, म्हणून अख्खा कंटेनर तपासणीसाठी बाजूला काढून ठेवला होता. घरापासून तासाभराच्या रस्त्यावर तो डबा पडून होता. मी रोज फोन करायचे. सहकारी रोज सांगायचा, आज-उद्या सुटेल. एकदा कंटाळून तो म्हणाला, “वहिनी, साहेब असते तर केव्हाच सोडवला असता.” त्याला वाटलं असेल आपण कौतुक करतोय. मी फोन ठेवला.

वर्षश्राद्धाची तिथी आली तेव्हा गाडी गॅरेजमध्ये उघडी पडली होती. आम्ही दिरांच्या जीपने नेऱ्याला गेलो. मी मागच्या बाकावर, मांडीवर पातेलं घेऊन. विधी झाले, जेवणं झाली. मग नदीवर पिंड सोडायला जायचं म्हणून काका, गुरुजी आणि आणखी दोघे जीपमध्ये बसले आणि जीप सुरू होईना. दिरांनी दोन-तीनदा किल्ली फिरवली, मग सगळ्यांना उतरायला लावलं. धोतराचा काष्टा सावरत काका ढकलू लागले. गुरुजींनी पंचा कमरेला घट्ट बांधला आणि तेही लागले. मुलं हसायला लागली. अंगणाच्या टोकापर्यंत ढकलल्यावर जीप खोकत सुरू झाली.

काका धापा टाकत बाकावर टेकले आणि जीपच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, “ढकलून तरी चालते ना. त्याची ती बग, पडली भंगारात. फसला बिचारा.”

मी पडवीत उभी होते. वर्षभर ज्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून धावले, ते पुन्हा माझ्यासमोर होतं आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

दिरांनी इंजिन चालू ठेवून मान बाहेर काढली. “काका,” ते म्हणाले, “दादाच्या गाडीतनं इतकी वर्षं फिरलात. आईला दवाखान्यात नेलं, तुमच्या नातीच्या लग्नाला नेलं. एकदा तरी उतरून ढकलायला लागली का?”

काका म्हणाले, तसं नाय रे.

“मग फसला कुठे? दुकानदार दुकान बंद करून पळाला. त्यात गिऱ्हाईक काय करणार?”

ते रागाने बोलले नाहीत. रविवारी दादाशी बोलायचे त्याच आवाजात बोलले, फक्त दुसऱ्या बाजूने. काकांनी मान हलवली, ती पटल्याची होती की नुसतीच, ते सांगता येत नाही. जीप नदीकडे गेली. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या डोळ्यांना पदर लावून आत गेल्या, पाट उचलायला.

पार्ट त्यानंतर काही आठवड्यांनी सुटला. जाऊ आली, तिने टेबलावर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला हळदकुंकू लावलं आणि ओवाळलं. सासूबाई आणि मी दारात उभ्या राहिलो. गॅरेजवाल्याने डबा बसवला आणि गाडी पहिल्यासारखी चालायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं की हे महिनाभर आधी झालं असतं तर.

पुढे तिचे बाकीचे पार्टही एकेक जायला लागले. काचेची मोटर गेली, ती मिळाली नाही, म्हणून डावीकडची मागची काच बंदच असते. लोक अजून सांगतात, विकून टाका, आता देशी गाड्याही आपोआप गिअरवाल्या येतात. विकत घेणारं कुणी नाही. भंगारवाला येऊन पाहून गेला, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

गाडी खाली उभी आहे. ती चालते. मी ती कॉलेजपर्यंत आणि बाजारापर्यंत नेते. पनवेलच्या बाहेर नेत नाही.